कांताबाईंचं आमेन

माझ्या सासूबाई भांडत नाहीत. ऐकायला हे छान वाटतं, पण माझ्यासारख्या बाईनं अशा माणसाबरोबर एका घरात चौदा वर्षं काढून बघावीत. मी उमरखेडची. आमच्या माहेरी आवाज चढवल्याशिवाय कुणी पाणीसुद्धा मागत नाही. लग्न होऊन दिग्रसला आले तेव्हा सासूशी दोन हात करायची माझी पूर्ण तयारी होती. पहिल्याच महिन्यात कशावरून तरी मी तडतडले. कांताबाईंनी सगळं ऐकून घेतलं, खाली वाकल्या, फरशीवर पडलेली कापसाची पिसं एकेक करून वेचली आणि मुठीत धरून म्हणाल्या, "तू म्हणून राह्यली त्यातलं अर्धं बरोबर आहे. चहा तू मांडते का मी मांडू?" ते अर्धं कोणतं, हे त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

घर आमचं कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या रस्त्यावर आहे. हिवाळाभर कापसानं भरलेले ट्रॅक्टर जातात आणि पिसं उडत घरात येतात, त्यामुळे वेचायला काही ना काही असतंच. पण उन्हाळ्यातही कुणी अंगावर धावून आलं की आई, म्हणजे सासूबाईच, खाली वाकतात, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. कधी पायपुसणं सरळ करतील, कधी सांडलेले तांदळाचे दाणे उचलतील. मला आधी वाटलं, टाळाटाळ आहे. एकदा विचारलंच.

"शास्त्रातल्या त्या पापी बाईले माराले लोकं दगड घेऊन आलते ना," त्या म्हणाल्या, "तवा प्रभू काय बोलला, पहिला दगड कोणी माराचा, ते सगळे सांगतात. पण बोलायच्या आधी तो खाली वाकला आन् बोटानं जमिनीवर लिहीत बसला, हे कोणी सांगत नाही. येवढे लोकं बोंबलून राह्यले, आन् हा आपला लिहून राह्यला. मले तो मधातला वेळ लय आवडते."

मी शाळेत शिकवते, संध्याकाळी घरी ट्यूशन घेते, चर्चमध्ये रविवारच्या शाळेत मुलांना गोष्टी सांगते. ही गोष्ट तर मी वीसेक वेळा सांगितली असेल. तो मधला वेळ मला कधी दिसला नव्हता.

आईंना तो दिसला, कारण त्यांना कामच तसं होतं. गावाबाहेरच्या मिशनच्या एका दवाखान्यात त्या एकतीस वर्षं आया होत्या. दवाखान्यात माणूस चांगल्या मनानं येत नाही, घाबरून येतो आणि घाबरलेला माणूस ओरडतो. एकदा एका पहिलटकरणीचा नवरा बाळंतपणाच्या खोलीचं दार तोडायला निघाला होता. आत बायको किंचाळत होती आणि बाहेर हा शिव्या घालत होता. नर्सबाया कोपऱ्यात. आई दोन रिकाम्या बादल्या घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बापा, विहिरीवरून पाणी आणा लागते. मले येवढं उचलत नाही." त्यानं एकामागून एक बादल्या ओढल्या. आठव्या बादलीला आतून पोराचं रडणं ऐकू आलं. मी आईंना म्हटलं, पाणी तर आत भरलेलं असणार, मग हे खोटं बोलणं नाही झालं? "काहून खोटं? बाळंतपणात पाणी कधी उरते का?" एवढं बोलून त्या भाजी निवडायला लागल्या.

पण त्या भोळ्या आहेत असं समजू नका. त्याच दवाखान्यात एक जण शिकाऊ नर्स पोरींशी घाणेरडं बोलायचा. तिथं आई वाकल्या नाहीत की बादल्याही दिल्या नाहीत. आधी त्याला एकट्याला गाठून सांगितलं. ऐकलं नाही, तेव्हा दोघींना साक्षीला घेऊन गेल्या. तरीही ऐकलं नाही, तेव्हा सरळ मोठ्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. तो आठवड्यात कामावरून गेला. हे सगळं शास्त्रात ह्याच क्रमानं लिहिलेलं आहे, पण तसं वागणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

आता काकाजींबद्दल. फकिरा काकाजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. वय बहात्तर. जिनिंगमध्ये गाठी बांधायच्या प्रेसवर होते, आता अंगणापलीकडच्या एका खोलीत राहतात आणि जेवायला आमच्याकडे येतात. चर्चमध्ये ढोलक तेच वाजवतात. बाया गाणं संथ म्हणायला लागल्या की ते मुद्दाम ठेका वाढवतात आणि सगळ्यांची दमछाक करतात. उपदेश लांबला की घड्याळ काढून कानाला लावून बघतात, पाळकसाहेबांना दिसेल असं. घरात भाजीला नावं, मिक्सरच्या आवाजाला नावं, माझ्या माहेरच्या माणसांना तर खास नावं. माझ्या सख्ख्या भावाला त्यांनी ताटावर बसलेला असताना विचारलं होतं, "परतीची गाडी कवाची आहे?"

आईंची त्यांच्यापुढे एक पद्धत होती. पानं वाढायच्या आधी वाटीत थोडी भाजी घेऊन त्या काकाजींकडे जात. "भाऊजी, जरा मीठ पाहून घ्या." काकाजी गंभीरपणे चाखत, एखादी चिमूट मीठ घालायला लावत आणि मग जेवताना बोलायला काही उरत नसे. मला हा कमीपणा वाटायचा. भाजी मी केली, तर पास-नापास करणारे हे कोण? माझे यजमान, सुनील, असल्या वेळी काढता पाय घेतात. जिनिंगमध्ये फिटर आहेत. घरात आवाज चढला की त्यांना नेमकं कुठलं तरी मशीन आठवतं.

मागच्या नोव्हेंबरात चपलांचं प्रकरण झालं. ट्यूशनची पोरं अंगणात चपला काढतात. पोरांच्याच त्या, इकडेतिकडे पडलेल्या असणारच. काकाजींनी एका बुधवारी सगळ्या चपला टोपल्यात भरल्या आणि रस्त्याच्या कडेला नेऊन ओतल्या. दोन जोड ट्रॅक्टरखाली गेले. एका मुलीची आई दारात येऊन मला वाटेल ते बोलली, दोन पोरांची नावं ट्यूशनमधून काढून घेतली गेली. मी काकाजींना जाब विचारला, तर म्हणाले, "आंगन आहे का बाजार?" आणि खोलीत जाऊन झोपले.

त्याच रात्री आमच्याकडे घरगुती प्रार्थना होती. दर बुधवारी चर्चच्या मंडळीतली पंधरा-वीस माणसं कुणाकडे तरी जमतात, त्या दिवशी आमची पाळी. गाणी झाली, काकाजींनी ढोलक वाजवलं, वचन वाचून झालं. पाळकसाहेब म्हणाले, साधनाताई प्रार्थना चालवतील.

आता जो प्रकार मी केला, तो आमच्या लोकांमध्ये फार नवा नाही. समोरासमोर बोलता येत नाही ते डोळे मिटून देवाला सांगायचं, म्हणजे शेजारी बसलेल्याला ऐकू जातं आणि उलट उत्तर देता येत नाही. शिवाय बाकीचे आमेन म्हणतात, म्हणजे सह्या झाल्यासारखंच. दुसऱ्या कुणी असं केलं की मी घरी येऊन नकला करते. त्या दिवशी मी स्वतः केलं.

"हे दयाळू स्वर्गीय बापा, ह्या घरासाठी मी तुझे आभार मानते," मी म्हटलं. सगळे म्हणाले, आमेन. "ज्यांच्या जिभेवर ताबा राहिलेला नाही, त्यांच्या जिभेवर तू ताबा घे." आमेन. "तू लेकरांना जवळ घेतलंस, पण ह्या घरात लेकरांच्या चपला रस्त्यावर फेकल्या जातात." इथं कुणीतरी खोकलं, आमेन जरा विरळ आलं. मी थांबायला हवं होतं. पण राग नाकावर होता आणि डोळे मिटलेले होते. "ज्यांचा स्वतःचा संसार टिकला नाही, आणि म्हणून ज्यांना दुसऱ्याचं भरलेलं घर बघवत नाही..."

मी श्वास घ्यायला थांबले. ह्या वेळी कुणी आमेन म्हणेना. एकच आवाज आला, आईंचा. "आमेन."

"त्यांचं कडू झालेलं मन..." मी पुढे बोलायला लागले आणि ढोलक जमिनीवर आदळल्याचा आवाज आला. डोळे उघडले. काकाजी उठले होते. कुणाकडेही न बघता ते अंगणात गेले. त्यांच्या खोलीचं दार लागल्याचं सगळ्यांनी ऐकलं. पाळकसाहेबांनी घाईघाईनं एक गाणं सुरू केलं आणि लोकांनी ते ढोलकाशिवाय कसंबसं संपवलं.

काकाजींची बायको लग्नाला वर्ष व्हायच्या आत काविळीनं गेली होती. चव्वेचाळीस वर्षं झाली. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बोलले.

दुसऱ्या दिवसापासून काकाजी चहालाही आले नाहीत. बसस्टँडच्या हॉटेलात जेवायला लागले. त्यांना साखरेचा त्रास, तिथं मिळतं ते सगळं तळलेलं. आई दोन्ही वेळा ताट झाकून त्यांच्या दाराशी नेऊन ठेवत आणि तसंच परत आणत. समजूत घालत नव्हत्या, दार वाजवत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सुनीलनी बातमी आणली की काका सोमवारच्या बसनं दारव्ह्याला निघाले, भाच्याकडे, कायमचे.

"भाच्याकडे दोन खोल्या आहेत अन् माणसं पाच," सुनील म्हणाले. "मागं एकदा गेलते, तं आठ दिवसांत त्यानंच आणून सोडलं होतं. आता भाचाबी ठेवत नाही अन् इथंबी येत नाही म्हणले, तं कुठं जातील?"

"जाऊ द्या," मी म्हटलं. पण ते म्हणताना मला बरं वाटलं नाही.

खरा त्रास मला आईंचा होत होता. त्या मला काहीच बोलत नव्हत्या. रागावल्या असत्या तर माझ्याकडे उत्तरं तयार होती. चपला होत्या, दोन गेलेली पोरं होती, चौदा वर्षांची मिठाची वाटी होती. पण त्यांनी एक शब्द काढला नाही. माझी उत्तरं माझ्याजवळच सडत पडली.

रविवार आला. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन, प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. आमच्या चर्चमध्ये बाया डाव्या बाजूला सतरंजीवर बसतात आणि भाकरीच्या तुकड्यांचं ताट एकीकडून दुसरीकडे जातं; ज्याच्या मनाला काही टोचतं त्यानं तुकडा घ्यायचा नसतो. काकाजी आले नव्हते. ताट आईंच्या हातात आलं. त्यांनी क्षणभर ते धरलं आणि तुकडा न उचलता माझ्याकडे दिलं.

"आई, तुम्ही घेतलं नाही," मी कुजबुजले.

"माह्यं आज नाही," त्या म्हणाल्या.

सासरे गेले त्या आठवड्यातसुद्धा ह्या बाईनं प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. आजूबाजूच्या बाया बघायला लागल्या. मी माझा तुकडा उचलला, कारण न उचलणं म्हणजे सगळ्या मंडळीसमोर कबुली देणं होतं. तो तुकडा बराच वेळ माझ्या तोंडात राहिला.

घरी येताना मी रस्त्यातच विचारलं. आई थांबल्या.

"वेदीपाशी आलं आन् आठवलं का आपल्या भावाच्या मनात आपल्यासाठी काही आहे, तं पहिले त्याच्याकडे जा, मंग माह्याकडे ये, असं प्रभूचं सांगणं आहे. मले चार दिवस समजलंच नाही का मले काय टोचून राह्यलं. ताट हातात आलं तवा समजलं. म्या आमेन म्हणलं होतं."

"पण बोलले मी. तुम्ही तर सवयीनं म्हणालात."

"सवयीनंच म्हणलं, खरं आहे. पण त्याची घरवाली गेली तवा तिले शेवटचं न्हाऊ म्या घातलं होतं, साधना. त्या वाक्याले आमेन म्हणणारी मी कोण? तुह्या प्रार्थनेचं तू पाह्य. माह्या आमेनचं मले पाहा लागते."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी लगेच ओळखला असता, त्यात मी तरबेज आहे. त्या खरोखर स्वतःबद्दलच बोलत होत्या.

घरी पोचल्यावर त्यांनी लुगड्याचा पदर नीट केला आणि अंगण ओलांडून गेल्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. काकाजींनी दार उघडलं. आई उंबऱ्याबाहेरूनच बोलल्या. "भाऊजी, मी वाईट आमेन म्हणलं. तुमचं दुःख मले सगळ्यायपेक्षा जास्त माहीत होतं, आन् माह्याच तोंडातून ते निघालं. मले माफ करा." काकाजींनी चौकटीला हात टेकला. मग म्हणाले, "वहिनी, तुमचं काय त्यात," आणि पुढचं मला ऐकू आलं नाही.

परत आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. "माफ केलं म्हणते," त्यांनी सांगितलं. "पण उद्या जातोच म्हणते. माफ करणं आन् राहणं वेगवेगळं असते."

"मी जाते त्यांच्याकडे," मी म्हटलं. कसं म्हटलं कोण जाणे. "चुकलं म्हणते. पण आई, चपलांचंही एकदा सांगितलंच पाहिजे ना? पण त्यांनीही..."

आईंनी माझा हात धरला. असा हात त्या क्वचितच धरतात. "जाय. पण हे जे 'पण' आहे ना तुह्याजवळ, ते इथं गॅसपाशी ठेवून जाय. खोटं नाही ते, मले माहीत आहे. त्याचं नंतर पाहू, मी सोबत येईन. आज दोन्ही संगं नेऊ नको."

मी गेले. काकाजी खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. रेक्झिनची बॅग अर्धी भरलेली. चार सदरे, दोन धोतरं, गाण्यांची वही. एवढंच सामान होतं. त्यांनी मान वर केली नाही. "बस," म्हणाले.

"काकाजी, मी चुकले," मी म्हटलं. "बोलू नये ते बोलले. तेही देवाच्या नावानं."

"चपलांचं मी बरोबरच केलं होतं," ते म्हणाले.

'पण' जिभेच्या टोकावर आलं होतं. मी ते गिळलं. चौदा वर्षांत अशी संधी मी पहिल्यांदाच सोडली आणि सोडताना किती जोर लागतो ते मला त्या दिवशी कळलं. आई हे एकतीस वर्षं रोज करत होत्या.

मी काही बोलत नाही हे पाहून काकाजींनी हातातला सदरा खाली ठेवला. "तुह्या प्रार्थनेले मीबी आमेन म्हणलं होतं, माहीत आहे का? जिभेवाल्या वाक्याले तं चांगलं मोठ्यानं म्हणलं. मले वाटलं, तू तुह्याच जिभेसाठी मांगून राह्यली."

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. ते हसले नाहीत.

"मंग ते शेवटचं बोलली तू. त्याचा राग आला म्हणून उठलो, असं सगळ्यायले वाटलं. राग नाही आला. ते खरं आहे. भरलं घर पाह्यलं का मले समजतच नाही, आपण कुठं बसावं. मंग मी वरडतो. वरडलं का सगळे पाहतात तरी." त्यांनी सदरा परत उचलला. "पंधरा माणसायसमोर ते ऐकवलं नाही मले. म्हणून उठलो."

मी त्यांच्या पायांना हात लावायला गेले, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"ते राहू दे," ते म्हणाले. "तू प्रार्थना अर्धी टाकली. माह्यासाठी मांगलं आन् मधातच डोळे उघडले. देवाले असं मधात ठेवू नाही. जायच्या आधी पुरी कर."

त्यांनी डोळे मिटले, हात जोडले. मीही डोळे मिटले. जिथं तुटली होती तिथूनच उचलायची होती आणि ते वाक्य मला अक्षरशः आठवत होतं.

"त्यांचं कडू झालेलं मन," मी म्हटलं आणि पुढचे शब्द सापडायला वेळ लागला, "मी अजून कडू केलं. मला क्षमा कर. ह्या घरात त्यांची बसायची जागा आहे, मीच ती त्यांना कधी दाखवली नाही. आता दाखवीन. प्रभू, ह्यांना दारव्ह्याला पाठवू नकोस. माझा राग तुला माहीत आहे, तो जाईल असं मी खोटं सांगत नाही. पण काकाजी आमच्याकडेच राहोत."

मी थांबले. आमेन मी म्हटलं नाही, ते म्हणायचा हक्क आता माझा नव्हता. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला. दाराशी आई येऊन उभ्या राहिल्याचं मला पावलांवरून कळलं, पण ह्या वेळी त्याही काही म्हणाल्या नाहीत. मी डोळे उघडले नाहीत. मला भीती वाटत होती.

"आमेन," काकाजी म्हणाले.

त्यांच्यामागून आई आमेन म्हणाल्या आणि आत येऊन त्यांनी बॅगेतले सदरे एकेक करून बाहेर काढायला घेतले.